कटाडिनची दोन कामं

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यात, मूसहेड नावाचं सुमारे ६४ किलोमीटर लांब सरोवर आहे. त्याच्या दक्षिण काठावर ग्रीनव्हिल हे छोटं गाव, आणि तिथल्या धक्क्याला 'कटाडिन' नावाची जुनी बोट. या भागाची गोष्ट सहसा सरळ सांगतात: आधी लाकूड, मग पर्यटन.

मला ते पटत नाही. १९१४ साली बाथ आयर्न वर्क्सने कटाडिन बांधली ती मुळात प्रवासी बोट म्हणून. किनिओ डोंगराखालच्या बड्या हॉटेलात शहरी पाहुणे पोचवणं, हे तिचं काम. ओंडके ओढणं तिच्या गळ्यात नंतर पडलं. आमच्या भाषेत, जुना सर्व्हर नव्या कामाला जुंपला.

नदीत ओंडके सोडले की प्रवाह नेतो. सरोवरात प्रवाहच नाही. म्हणून लांब ओंडके टोकाला टोक साखळीने जोडून कडं करायचं, सुटे ओंडके त्यात कोंडायचे आणि अख्खं कडं बोटीने ओढायचं. बोटी येण्याआधी हे माणसंच करायची. नांगर पुढे नेऊन टाकायचा, मग तराफ्यावरच्या रहाटाभोवती गोल फिरत दोर गुंडाळायचा. वारा उलटा फिरला की मेहनत पाण्यात. शब्दशः.

पाहुण्यांना जंगल दाखवणारे आणि ओंडके हाकणारे वेगळे होते असंही नाही. १८५३ मध्ये लेखक हेन्री डेव्हिड थोरो ग्रीनव्हिलहून आगबोटीने निघाला, तेव्हा पेनॉब्स्कॉट जमातीचा जो अ‍ॅटिअन त्याचा वाटाड्या होता. 'द मेन वूड्स' पुस्तकामुळे लोकांना तो वाटाड्या म्हणून ठाऊक आहे. १८७० मध्ये पेनॉब्स्कॉट नदीत ओंडके हाकताना तो बुडाला. पुस्तक तोवर छापून झालं होतं.

ओंडक्यांच्या साली नदीच्या तळाशी साचत, पाणी बिघडे. १९७१ मध्ये मेनने कायदा केला: १९७६ नंतर नदीतून ओंडके नाहीत. मूसहेडवर कटाडिनने शेवटचं कडं १९७५ मध्येच ओढलं. या सरोवरातून निघणाऱ्या केनेबेक नदीवर १९७६ मध्ये, शेवटचे ओंडके वाहत असतानाच, राफ्टिंग सुरू झालं. त्याचं वेळापत्रक आता हॅरिस धरण ठरवतं. विजेसाठी पाणी सोडलं की राफ्ट निघतात.

कटाडिन सध्या म्युझियमच्या ताब्यात आहे. उन्हाळ्यात ती पुन्हा प्रवासी नेते.