पैकी, बितपशील आणि कंस

मागच्या भागात आपण शहाजीराजांचं बंगळूर पाहिलं. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या मोहिमेत हे गाव केंपेगौडांकडून आदिलशाहीकडे आलं आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं. पुढं १६८७ मध्ये मोगलांनी ते घेतलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना तीन लाखांना देऊन टाकलं. तोवर ते भोसल्यांकडेच होतं. आजही बोलतोय बंगळुरातूनच, पण आज लढाई नाही. आज कागद आहे, त्या कागदावरचा ‘पैकी’ हा शब्द आहे, आणि याच शहरात हजारो मुलं रोज जे काम करतात त्याच्याशी असलेलं त्याचं नातं आहे.

मोडीतले जमाखर्चाचे कागद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्यांची ठेवण ओळखीची असेल. आधी आकडा, मग बाब. मोठी बेरीज वर आणि तिची फोड खाली, थोडी आत सरकवून. त्या फोडीतल्या एखाद्या बाबीची पुन्हा फोड असली तर ती आणखी आत. वर शब्द असतो ‘बितपशील’. तपशील हा मुळात अरबी शब्द, वेगवेगळे भाग पाडणे हा त्याचा अर्थ. फारसी कारभारातून तो मराठीत आला आणि असा रुजला की शिवकाळात राजव्यवहारकोश होऊनही हलला नाही. कारकून कागदाला उभ्या घड्या पाडत आणि त्या घड्यांचेच रकाने होत. पट्टी न वापरता सगळं एका रेषेत बसे.

एक नमुना देतो. हा कागद मी स्वतः बेतलेला आहे, पण घाट खरा आहे.

१०० शिबंदी, बितपशील
    ६० हशम, पैकी
        ४० तटावर
        २० दरवाजावर
    ४० बाजे लोक

बाजे लोक म्हणजे किरकोळ. गडावर माणसं किती? शंभर. आता हाच कागद कुणीतरी टंकलिखित करतो. मोडी वाचणारा जाणकार असतो, टंकणारा दुसरा असतो. टंकणाऱ्याला त्या आत सरकवण्याचं महत्त्व कुणी सांगितलेलं नसतं, तो सगळ्या ओळी डावीकडे एकाखाली एक लावतो. बितपशील आणि पैकी हे शब्द त्याला अडगळ वाटतात, तो ते गाळतो. उरतं काय? १००, ६०, ४०, २०, ४०. पुढचा अभ्यासक इमानेइतबारे बेरीज मारतो: २६०. मग कुठल्याशा व्याख्यानात गडावर अडीचशेच्या वर माणूस होता असं ठणकावून सांगितलं जातं. शंभर माणसांनी लढवलेला गड आणि अडीचशेंनी लढवलेला गड यांत काय फरक असतो, हे रात्रीचे पहारे लावणाऱ्याला विचारा. शंभरांत तीन पाळ्या लावल्या तर एका वेळी तटावर किती उभे राहतील हे मोजून पाहा. अडीचशे म्हणणाऱ्यानं त्या शंभरांचा पराक्रम तेवढा कमी केला.

आमच्याकडे, म्हणजे फौजेत, हाच प्रश्न रोज सकाळी येतो. त्याला परेड स्टेट म्हणतात. सेक्शन कमांडर आपली दहा माणसं मोजतो: हजर किती, रजेवर किती, आजारी किती. तीन सेक्शन मिळून प्लाटून, तीन प्लाटून मिळून रायफल कंपनी, कंपन्या मिळून पलटण. प्लाटून हवालदार जवान मोजत नाही, तो तीन सेक्शनचे आकडे घेतो. कंपनी हवालदार मेजर तीन प्लाटूनचे घेतो, आणि त्यात कंपनी हेडक्वार्टरची माणसं घालतो. प्रत्येक पायरीवर काम एकच: खालून आलेलं घ्या, जोडा, वर द्या. आठशे माणसांचा हिशोब सकाळच्या चहाच्या आत होतो.

हे कागदावर ठीक चालतं, कारण कागदाला रुंदी असते. वायरलेसवर रुंदी नसते, तिथं सगळं एका ओळीत जातं. म्हणून कंस असला तर ‘कंस सुरू’, ‘कंस बंद’ असं तोंडानं म्हणावं लागायचं. नव्या मुलांना ते हास्यास्पद वाटायचं. एका हिवाळ्यात वरच्या चौकीतून निरोप आला, वीस माणसं, पैकी सहा आजारी. खाली उतरवून घेणाऱ्यानं लिहिलं, वीस, सहा आजारी. पुढच्यानं सव्वीस धरले. सहा जणांचं जास्तीचं रॉकेल घेऊन बर्फातून खेचरांची एक फेरी जादा गेली. कुणी दगावलं नाही, पण खेचरवाल्यांनी त्या ‘पैकी’ला वाहिलेल्या शिव्या मी इथं सांगू शकत नाही.

आता अमेरिकेत चला. १९३० च्या दशकात प्रिन्स्टनला अलोन्झो चर्च नावाचे तर्कशास्त्रज्ञ फलन, म्हणजे फंक्शन, या कल्पनेचा मुळापासून विचार करत होते. काहीतरी आत घाला, नियमानुसार काहीतरी बाहेर येईल, आणि आत घातलेलं जसंच्या तसं राहील. त्यांनी या मांडणीला लॅम्डा हे ग्रीक अक्षर दिलं. तेव्हा आजच्या अर्थानं संगणकच नव्हता. पुढं १९५८ मध्ये एमआयटीत जॉन मॅकार्थींनी एक भाषा रचायला घेतली, लिस्प. नावाचा अर्थ सरळ आहे: याद्यांवर काम करणारी. १९६० च्या एप्रिलमध्ये त्यांचा निबंध आला आणि त्यात जगातल्या सगळ्या गुंतागुंतीच्या माहितीसाठी दोनच गोष्टी होत्या. एक, जिची फोड होत नाही अशी सुटी गोष्ट. दोन, यादी. यादीत सुट्या गोष्टी असतील किंवा पुन्हा याद्या असतील, कितीही खोल.

आपला गड तसा लिहून पाहू:

[शिबंदी, [हशम, [तटावर, ४०], [दरवाजावर, २०]], [बाजे लोक, ४०]]

बघा, हा वायरलेसचाच निरोप झाला. एक ओळ, रुंदी नाही, आणि प्रत्येक कंस म्हणजे एक ‘पैकी’. मॅकार्थींचा बेत होता की हे कंस यंत्रापुरते ठेवावेत आणि माणसांसाठी वेगळी, देखणी लिपी करावी. मधल्या काळात स्टीव्ह रसेल या त्यांच्या सहकाऱ्यानं निबंधातला नियम थेट आयबीएम ७०४ यंत्रावर चालवून दाखवला. लोक कंसांतच लिहू लागले, आणि ती देखणी लिपी मागंच पडली. लिस्पवाल्यांची कंसांवरून आजही चेष्टा होते.

यंत्राला कंस चालतात, माणसाला वाचवत नाहीत. म्हणजे कंसांतून पुन्हा कारकुनाचा कागद करायचा: ओळी पाडायच्या, आतली बाब आत सरकवायची. हे कसं करायचं ते मला माझ्या भाचीनं समजावलं. ती इथंच व्हाइटफील्डला नोकरी करते. मी तिला विचारलं होतं की किती पातळ्या खोल जायचं ते आधी मोजावं लागत असेल ना? ती म्हणाली, “मामा, तुमच्या हवालदार मेजरला पलटणीत किती पायऱ्या आहेत हे माहीत असायची गरज आहे का?” नाही. त्याला फक्त आपल्या खालची पायरी माहीत हवी.

म्हणजे नियम एवढाच. समोर आलेल्या बाबीची फोड नसेल तर ती लिहून टाका. फोड असेल तर तिचं नाव लिहा, आतल्या प्रत्येक बाबीला हाच नियम लावा, जो मजकूर हातात येईल त्याची प्रत्येक ओळ एक पाऊल आत सरकवा आणि सगळे तुकडे एकाखाली एक जोडा. प्रत्येकाला नियम लावण्याच्या कामाला मॅप म्हणतात, तुकडे एकमेकांना जोडण्याच्या कामाला जॉइन. नियम स्वतःलाच हाक मारतो, त्यामुळे दोन पातळ्या असोत की वीस, तो बदलत नाही. आणि जोडण्याच्या जागी बेरीज ठेवली तर मजकुराऐवजी आकडा बाहेर येतो. त्याचं नाव फोल्ड. बेरीज फक्त सर्वांत आतल्या आकड्यांची होते, चाळीस, वीस, चाळीस. शंभर. दोनशे साठ येण्याची सोयच नाही, कारण मधल्या बेरजा त्या यादीत लिहिलेल्याच नाहीत.

या पद्धतीची दुसरी खूण म्हणजे मूळ यादीला हात लावायचा नाही. यादी तशीच राहते, तिच्यातून नवा मजकूर निघतो. इथं मला म्हैसूरची आठवण होते. कर्नल मार्क विल्क्स हे म्हैसूरचे ब्रिटिश रेसिडेंट, आमच्याच पेशातले. त्यांच्या दक्षिण हिंदुस्थानच्या इतिहासाचा पहिला खंड १८१० मध्ये निघाला. इथल्या हिशोबांच्या ‘कडता’चं वर्णन त्यांनी करून ठेवलं आहे. कापडाला खळ आणि कोळशाची पूड चोपडून काळी करायची, पंख्यासारख्या घड्या घालायच्या, आणि पांढऱ्या मऊ दगडाच्या लेखणीनं लिहायचं. चुकलं की पुसा, पुन्हा लिहा. पाटीच म्हणा ना. कर्नाटकात सरकारी कचेरीत फायलीला आजही कडत म्हणतात.

पुण्याच्या दफ्तराची रीत वेगळी. बोरूनं शाईत लिहिलेली रोजकीर्द पुसता येत नाही. तिच्यातून खातेवार खतावणी निघते, खतावणीतून वर्षाचा ताळेबंद. प्रत्येक पायरीला नवा कागद, आधीचा जागेवर. ताळेबंदात खोट निघाली तर मागं मागं जात मूळ दिवसापर्यंत पोचता येतं. कडतात ती सोय नाही. पुसलेलं गेलंच. प्रोग्रामिंगमध्येही हे दोन्ही पंथ आहेत, आणि पुसून लिहिणाऱ्यांचा पंथ बराच मोठा आहे, कारण सुरुवातीच्या यंत्रांत जागा महाग होती. कडत वापरणाऱ्यांचंही कारण तसंच काहीसं असावं.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो. पेशव्यांचे कारकून प्रोग्रामिंग करत होते असं मी म्हणत नाही. ‘सगळं आपल्याकडे आधीच होतं’ हा सूर मला सोसत नाही. कारकुनांनी नियम पाळला, तो नियम कसा चालतो याचं शास्त्र त्यांनी लिहिलं नाही. ते चर्च आणि मॅकार्थींनी लिहिलं. अडचण मात्र दोघांचीही एकच होती.

ती अडचण किती चिवट आहे बघा. १९६७ मध्ये बिल गॉस्पर यांनी लिस्पचे कंस आत-बाहेर सरकवून छापणारा प्रोग्राम केला, त्याला ग्राइंड म्हणत, दळण. १९७३ मध्ये एमआयटीतच आयरा गोल्डस्टीन यांनी यावर टिपण लिहिलं, त्याच्या नावातच यादीचं एकरेषीय रूप करण्याची गोष्ट आहे. खरी मेख रुंदीची होती: ओळीत मावत असेल तर एका ओळीत ठेवावं, नसेल तर कुठं तोडावं? १९८० मध्ये डेरेक ऑपेन यांनी त्याची झटपट रीत दिली. १९९५ मध्ये जॉन ह्यूज आणि नंतर फिलिप वॅडलर यांनी तेच काम चार-सहा लहान फलनं एकमेकांत गुंफून करून दाखवलं. घड्या पाडणाऱ्या कारकुनाला हे सगळं नजरेनं जमत होतं, पण नजर यंत्राला शिकवता येत नाही.

मधल्या काळात या विचारसरणीला वजन मिळालं ते जॉन बॅकस यांच्यामुळे. फोरट्रान ही १९५७ ची भाषा त्यांचीच. अशा माणसानं १९७७ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात, रकाने पुसून पुन्हा लिहिण्याच्या रूढ पद्धतीवरच हल्ला चढवला. १९९० मध्ये हॅस्केल भाषेचा पहिला अहवाल आला, त्यावर अरविंद आणि रिशियूर निखिल ही दोन भारतीय नावंही आहेत. २००९ पर्यंत मॅप आणि त्याची भावंडं जावास्क्रिप्टच्या प्रमाण रूपात आली. आता ती रोजच्या वापरात आहेत, कुणाला त्यांच्या कुळाची चौकशी करावीशी वाटत नाही.

आता आपल्या कामाचं. गोविंद सखाराम सरदेसाईंच्या संपादनाखाली १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले गेले. ती निवड होती. पुण्यात हजारो रुमाल अजून बांधलेले आहेत, आणि तंजावरपासून बेळगाव, बडोद्यापर्यंत कित्येक घरांत, देवस्थानांत असे कागद आहेत. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असतील तर लिप्यंतर करणाऱ्याला तीन गोष्टी सांगा. आत सरकवलेली ओळ आतच ठेवायची. पैकी, वजा, बितपशील, यांतलं अक्षर गाळायचं नाही. आणि घडीसकट पूर्ण कागदाचा फोटो काढायचा, नुसत्या मजकुराचा नाही.

यादी करताना भाचीचा आणि माझा एका बाबीवर वाद झाला. तिच्या मते मधल्या बेरजा लिहूच नयेत, त्या यंत्र काढतं. हिशोबापुरतं ते बरोबर आहे. पण जुन्या कागदात कारकुनानं ६० लिहिले आणि फोड ५८ चीच निघाली, तर ते दोघे कुठं गेले हा इतिहासाचा प्रश्न आहे. पळाले असतील, मेले असतील, किंवा किल्लेदार दोन नावांचा पगार खात असेल. म्हणून आम्ही प्रत्येक बाबीपुढं दोन आकडे ठेवले, कागदावर लिहिलेला आणि यंत्रानं काढलेला. जिथं ते जुळत नाहीत ती ओळ ठळक छापली जाते, आणि कुठलाच आकडा कुणी दुरुस्त करायचा नाही.