कंस, रेघ आणि काकूंचे नऊ रुपये

कडेगावात आमच्या घरी जमिनीच्या कागदांची एक पत्र्याची पेटी आहे. जमीन तीच, पण तिचा पत्ता बदलत गेला. पणजोबांच्या वेळी जिल्हा सातारा होता. १९४९मध्ये तो दक्षिण सातारा झाला आणि १९६०मध्ये सांगली. तालुका आधी खानापूर, मग कडेगाव. कागदाचा माथा बदलत राहिला, बांध जागचा हलला नाही. कोरा नमुना सरकारचा, आतली नोंद तलाठ्याच्या हातची. माथा बदलला म्हणून कुणाचं क्षेत्र कमीजास्त झालं नाही.

आमच्या धंद्यात त्या कोऱ्या नमुन्याला टेम्प्लेट म्हणतात. इंजिनिअरिंगची पदवी घेऊनही मला हे पेटीतल्या कागदांइतकं कळलेलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी गावाकडच्या एका दूध संकलन केंद्राला बिलाचं वेबपान करून दिलं. डेटाबेसमधून नोंदी काढणं, फॅटप्रमाणे दर लावणं, तक्ता आखणं, बेरीज मारणं, सगळं एकाच फाईलमध्ये. एक दिवस चालकांनी सांगितलं, तक्त्यात पैसे नको दाखवूस, नुसते रुपये ठेव. मी एक ओळ बदलली आणि दशांश चिन्हापुढचं छाटलं. पण खालची बेरीज त्याच छाटलेल्या आकड्यांवर चालत होती. १५६.४० चे १५६ झाले, १६१.७० चे १६१. दहा दिवसांचं बिल, सकाळ-संध्याकाळ मिळून वीस ओळी. शेजारच्या काकूंनी वहीतली बेरीज माझ्यासमोर ठेवली. त्यांचे नऊ रुपये गेले होते. मग बाकीच्यांचेही गेले असणार. मला घाम फुटला.

ही चूक माझ्याआधी जगभर होऊन गेली होती, हे नंतर वाचलं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सर्व्हरवरचे प्रोग्राम पानाची एकेक ओळ छापत बसायचे, म्हणजे अक्षराचा रंग बदलायलाही प्रोग्रामरच लागायचा. १९९५मध्ये रासमुस लेर्डोर्फने पीएचपी आणलं आणि पुढे गाडी उलटी वळली. आता पानाच्या पोटात प्रोग्राम आला. सोय मोठी झाली, गुंता तसाच राहिला. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका स्थानिक वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मलेलं जँगो २००५मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्याची टेम्प्लेटची भाषा मुद्दाम तोकडी ठेवलेली आहे. पान मांडणाऱ्याने पान मांडावं, हिशोब करू नये.

सगळ्यात कडक नियम टेरेन्स पार या प्राध्यापकाने २००४च्या शोधनिबंधात मांडले. त्यातला एक थेट माझ्यावरच होता: पानाने माहितीवर गणित करायचं नाही. पुस्तकाच्या किमतीवर दहा टक्के सूट काढायची तर तीसुद्धा पानात नाही. मग आकडा कसा दिसावा हे कुणी ठरवायचं? त्यासाठी तो तिसरा गडी नेमतो, रेंडरर. लाख लिहिताना स्वल्पविराम १,००,००० असा की १००,००० असा, अंक देवनागरी की रोमन, हे त्याचं काम. साठवलेला आकडा त्याला माहीत, पण त्याला हात लावायची मुभा नाही. मी काकूंचं बिल असंच पुन्हा लिहिलं. पैसे साठवणीत राहिले, छाटणी फक्त दिसण्यात.

आता पुन्हा पेटीकडे. २०२०मध्ये सातबाऱ्याचं रूप बदललं. गावाचा कोड आला, लागवडीयोग्य आणि पोटखराब क्षेत्राची एकूण बेरीज आली, खातेदाराच्या नावासोबत खाते क्रमांक आला. आणि मयत खातेदाराचं नाव, फिटलेला बोजा, हे आधी कंसात दाखवत, त्यावर आता आडवी रेघ येऊ लागली. प्रोग्रामरला विचाराल तर हा बदल एका ओळीचा आहे, पण एका अटीवर. साठवणीत ‘नाव कमी केलं’ एवढीच खूण असायला हवी. कंसच नावाला चिकटवून टाईप केला असेल, तर लाखो नोंदी उकरून काढाव्या लागतील, आणि ज्या नावात मुळातच कंस आहे त्या जिवंत माणसावरही रेघ फिरेल.

नवा उतारा मी आजीला मोबाईलवर दाखवला. आजोबांच्या नावावरून रेघ गेलेली.

“खोडलं होय रं त्यांना?”

म्हटलं, आजी, नोंद तीच आहे, फक्त दाखवायची पद्धत बदलली.

तिने चष्मा काढून पुसला. “कंसात हुतं तवा बरं वाटायचं,” म्हणाली, आणि जुना उतारा घडी घालून परत पेटीत ठेवला.