सुट्या भागांचा दुष्काळ आणि आपली सायकल

नॉटिंगहॅम आणि बर्मिंगहॅम ही गावे आपल्यापैकी पुष्कळांना इंग्लंडला येण्याच्या कितीतरी आधी ठाऊक होती. घरातल्या सायकलवरच ती नावे असत. रॅले नॉटिंगहॅमची, बीएसए आणि हर्क्युलिस बर्मिंगहॅमच्या. ब्रुक्सचे कातडी सीट बर्मिंगहॅमचे, स्टर्मी-आर्चरचा हब नॉटिंगहॅमचा. आज आपण ज्या भागात राहतो, तिथला माल आपल्या आजोबांनी पुण्या-नाशकात आयुष्यभर चालवला. हा माल यायचा बंद झाला तेव्हा त्यांनी काय केले, ही हकीकत आपल्या मुलांना सांगण्याजोगी आहे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानात सायकली बहुतेक विलायतेहूनच येत. पुण्याला तर सायकलींचे शहर म्हणत. कारकून, मास्तर, पोस्टमन, दूधवाला, पेपरवाला, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातला कामगार, सगळे सायकलवर. सायकल म्हणजे घरातली मालमत्ता. तिच्यावर नगरपालिकेचा कर, कर भरल्याचा बिल्ला, रात्री दिवा नसला की पोलिसाची शिट्टी. एकदा घेतलेली सायकल बापाकडून मुलाकडे जायची. ती अडली तर कामावर खाडा पडे आणि पगार कापला जाई.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले आणि विलायतेतले कारखाने लष्कराच्या कामाला जुंपले गेले. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स; हा कारखाना मुळात बंदुकांचाच, म्हणून तर त्याच्या बिल्ल्यावर तीन बंदुका असत. त्याच्या स्मॉल हीथच्या इमारतीवर १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बाँब पडले आणि ५३ कामगार ठार झाले. रॅलेही युद्धसामग्री बनवू लागली. ज्या थोड्या सायकली निघत त्यांना क्रोमऐवजी काळा रंग फासलेला असे. शिवाय बोटींत जागा आधी लष्करी मालाला. पुण्याच्या दुकानात चेन किंवा फ्रीव्हील कुठून येणार?

त्यात रबराची भर पडली. ८ डिसेंबर १९४१ ला जपानी फौजा मलायात उतरल्या आणि १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले. जगातले बहुतेक नैसर्गिक रबर मलाया आणि त्याच्या आसपासच्या मुलखातून येई. ते सगळे शत्रूच्या हाती गेले. हुगळीकाठी साहागंजला डनलॉपचा कारखाना १९३६ पासून होता, त्रावणकोर आणि सिलोनचे रबरही होते. पण त्यावर पहिला हक्क लष्करी लॉऱ्यांचा आणि विमानांचा.

गंमत अशी की मलाया जिंकणारी जपानी फौजही सायकलवरच आली होती. एकेका डिव्हिजनकडे सुमारे ६,००० सायकली होत्या. युद्धापूर्वी जपानने त्या भागात स्वस्त सायकली भरपूर विकलेल्या असल्यामुळे सुटे भाग गावोगाव मिळत. उन्हाने आणि ओझ्याने टायर फुटले की सैनिक ते काढून टाकीत आणि नुसत्या रिमवर सायकल हाकीत. रात्री डांबरी रस्त्यावर त्या रिमांचा खडखडाट ऐकून रणगाडे आले असे वाटे, असे जपानी अधिकाऱ्यानेच नमूद करून ठेवले आहे. ज्याच्याकडे सुटे भाग आणि दुरुस्ती करणारा माणूस, त्याची सायकल चालते. हा नियम लष्करालाही लागू आणि सदाशिव पेठेलाही.

आपल्याकडची अडचण आणखी एका कारणाने बिकट होती. विलायती सायकली दिसायला सारख्या, पण भाग सारखे नसत. रॅलेच्या बी.बी. कपाला दर इंचास २६ आटे, तर इतर बहुतेक कंपन्यांच्या कपाला २४. एकाचा कप दुसऱ्याला बसत नसे. पुढच्या चाकाला ३२ आरे आणि मागच्याला ४०. पुढच्या हबातले छर्रे ३/१६ इंचाचे, मागचे पाव इंचाचे. हे सारे दुकानदाराला तोंडपाठ असावे लागे, कारण जुन्या भंगार सायकलीतून नेमका उपयोगी भाग काढणे हाच अशा वेळचा धंदा.

मग जुने उपाय कामी येत. टायरला चीर पडली तर आतून जुन्या टायरचा तुकडा लावायचा आणि चीर जाड दोऱ्याने शिवायची. ट्यूबला ठिगळावर ठिगळ. चेन सैल झाली की एक कडी काढायची. कोन झिजला तर लेथवाल्याकडून नवा करून घ्यायचा. रिम वाकली तर आऱ्या ताणून आउट काढायचा. फ्रेमला तडा गेला तर पितळेचा टाका मारायचा. यातला एकही उपाय कायमचा नसे. पण प्रत्येकाने आणखी काही महिने निघत, आणि घरची चूल त्या महिन्यांवर पेटत असे.

या टंचाईतूनच आपला सायकल-उद्योग उभा राहायला बळ मिळाले. मुंबईत हिंद सायकल्सचा कारखाना वरळीला होता. तिथल्या रस्त्याला अजून हिंद सायकल मार्ग म्हणतात. पश्चिम पंजाबातल्या कमालियाचे मुंजाल बंधू १९४४ मध्ये अमृतसरला आले आणि सायकलच्या सुट्या भागांचा व्यापार करू लागले. पुढे ते लुधियानाला गेले. आधी त्यांनी भाग विकले, मग भाग बनवले, आणि १९५६ मध्ये पुरी सायकल काढली, ती हिरो. पहिल्या वर्षी ६३९ सायकली निघाल्या. तीस वर्षांनी, १९८६ मध्ये, जगातली सर्वांत मोठी सायकल कंपनी म्हणून तिचे नाव गिनेस बुकात गेले. दरम्यान १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस निघाली, मद्रासला इंग्रज कंपनीच्या भागीदारीत हर्क्युलिस बनू लागली आणि आसनसोलला सेन-रॅले. आयातीवर निर्बंध आले तरी आता गावच्या दुकानात देशी चेन मिळू लागली.

पुढची गोष्ट आपल्या डोळ्यांसमोरची. नॉटिंगहॅमला रॅलेच्या फ्रेमा बनणे १९९९ मध्ये थांबले आणि २००२ मध्ये जोडणीही बंद झाली. त्या जागेवर आता विद्यापीठाचा ज्युबिली कॅम्पस आहे. आपली मुले तिथे शिकतात. बीएसए आणि हर्क्युलिस ही नावे मात्र भारतातल्या दुकानांत अजून दिसतात.

आणि २०२० मध्ये टंचाई पुन्हा आली. कोविडच्या काळात बस टाळायची म्हणून इथे सगळ्यांनी माळ्यावरच्या, शेडमधल्या सायकली बाहेर काढल्या. सरकारने जुलै महिन्यात इंग्लंडमध्ये दुरुस्तीसाठी ५० पौंडांची व्हाउचरे काढली आणि पहिल्याच दिवशी एवढी झुंबड उडाली की संगणक बसला. आशियातल्या कारखान्यांकडे मागण्या तुंबल्या. साध्या चेनसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागले. पैसे होते, पण चेन नव्हती. आणि जुनी चेन आणखी थोडी चालवण्याची कला कितीजणांच्या हातात उरली होती?

म्हणून आमचे एक सांगणे आहे. १९४२ चे दिवस कळत्या वयात पाहिलेली माणसे आता नव्वदीच्या पुढे आहेत. घरी फोन कराल तेव्हा आजी-आजोबांना सायकलविषयी जरूर विचारा: कोणती होती, टायर कुठून आणला, कोण दुरुस्त करी. उत्तरे लिहून ठेवा आणि आम्हाला पाठवा. या पानांत छापू. आणि येत्या उन्हाळ्यात मुलांना निदान पंक्चर काढायला शिकवा. पाण्याची बादली, सोल्यूशन, जुन्या ट्यूबचा तुकडा आणि अर्धा तास, एवढेच लागते.