दोन मार्गांवरील भारविभागणी : एक ऐतिहासिक विवेचन

राउटरला इंटरनेटच्या दोन जोडण्या लाभल्या असता त्यांवर वाहतूक निम्मी-निम्मी वाटणे हे वरकरणी केवळ अंकगणित वाटते. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

आर्पानेटवर १९७९ साली विलंबाच्या मापनावर आधारलेली मार्गनिवडीची पद्धत आली. भार वाढला की मोकळ्या मार्गाकडे सारी वाहतूक एकदम लोटे. तो तुंबे आणि दुसरा ओस पडे. १९८७ साली मापनपद्धती सुधारून हे हेलकावे पुष्कळसे शमविण्यात आले.

पॅकेटे आळीपाळीने दोन्ही मार्गांवर धाडणे हा दुसरा उपाय होय. परंतु दोन मार्गांचा विलंब समान नसल्यामुळे मागून निघालेले पॅकेट आधी पोहोचते, आणि टीसीपी हा क्रमभंग पॅकेट हरवल्याचे लक्षण मानून आपला वेग घटविते. नोव्हेंबर २००० मधील आरएफसी २९९१ या टिपणात थेलर व हॉप्स यांनी या दोषाची चिकित्सा केली आणि एक प्रवाह एकाच मार्गाने नेण्याच्या पद्धतीस अनुकूलता दर्शविली. जोडण्या दोन भिन्न सेवादात्यांच्या असल्यास हे बंधन अधिकच दृढ होते. कारण मार्गाबरोबर बाहेरील पत्ता बदलतो व चालू संवाद तुटतो.

अशा रीतीने विभागणीचे एकक पॅकेट न राहता प्रवाह झाले. याचे मूल्य असे की, एकट्या प्रवाहास एकाच जोडणीचा वेग मिळतो. ही मर्यादा ओलांडू पाहणारी मल्टिपाथ टीसीपी २०१३ साली प्रसिद्ध झाली. पण तीस दोन्ही टोकांची संमती लागते. तात्पर्य, मधल्या राउटरला समान वाटणी साधण्यापूर्वी क्रम राखावा लागला.