रुमाल, खंड आणि विषय-प्रतिमान

मुनिरका हे दक्षिण दिल्लीतील जुने गाव आज जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या शेजारामुळे ओळखले जाते. तेथून पूर्वेकडे काही मैलांवर असलेल्या कालिकेच्या देवळाच्या परिसरात 1737 च्या मार्च महिन्यात पहिल्या बाजीरावाचे सैन्य येऊन पोहोचले. या स्वारीची हकीकत त्याने चिमाजी अप्पास सविस्तर पत्राने कळविली. त्या एका पत्रात कूच-मुक्काम आहेत, यात्रेतील लूट आहे, शहर जाळण्याचा विचार का सोडला याचे राजकारण आहे आणि बादशाही फौजेशी झालेल्या लढाईचा वृत्तान्तही आहे. असे पत्र कोणत्या विषयाखाली ठेवावे, हा प्रश्न वरवर ग्रंथपालाचा वाटला तरी मुळात तो इतिहासकाराचा आहे.

मराठी दप्तराची पहिली मांडणी विषयवार नव्हती. ती कामकाजाची होती. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा, चिटणिशी ही नावे कागद कोणत्या कामातून निर्माण झाला हे सांगतात. पेशवाई संपल्यावर या व्यवस्थेवर दुसरी चढली. 1852 च्या कायद्याने अधिकार मिळालेल्या इनाम कमिशनला वतने व इनामे यांचे हक्क तपासायचे होते. त्यामुळे कागद महसुली पुराव्याच्या दृष्टीने गोळा झाले व लावले गेले. तिसरी व्यवस्था गोविंद सखाराम सरदेसाई यांची. 1930 ते 1934 या काळात त्यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड प्रसिद्ध झाले. पानिपत, वसईची मोहीम अशा प्रकरणांभोवती हे खंड बांधलेले असल्याने अभ्यासकाला विषय आयताच हाती आला. तथापि निवडीबाहेरचे कागद रुमालांतच राहिले.

अलीकडे या प्रश्नाकडे संगणकशास्त्राच्या बाजूने पाहिले जाऊ लागले आहे. डेव्हिड ब्लाय, अँड्र्यू एन्ग व मायकेल जॉर्डन यांनी 2003 मध्ये मांडलेल्या विषय-प्रतिमानात, म्हणजे टॉपिक मॉडेलिंगच्या आज सर्वपरिचित असलेल्या पद्धतीत, प्रत्येक लेख अनेक विषयांचे मिश्रण मानला जातो. कोणते शब्द पुनःपुन्हा एकत्र येतात हे पाहून यंत्र शब्दांचे गट पाडते आणि प्रत्येक लेखात कोणत्या गटाचा किती वाटा आहे ते सांगते. बाजीरावाचे पत्र मग एकाच रुमालात कोंडावे लागत नाही. त्याचा काही अंश लष्करी, काही राजकीय, काही आर्थिक ठरतो. पेन्सिल्व्हेनिया गॅझेट या वृत्तपत्राच्या 1728 ते 1800 या काळातील 80,000 हून अधिक मजकुरांवर डेव्हिड न्यूमन व शॅरन ब्लॉक यांनी याच जातीच्या संभाव्यताधिष्ठित पद्धतीचा प्रयोग केला. तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र गट किती पाडावयाचे हे सामान्यतः अभ्यासकच ठरवितो आणि गटांना नावेही तोच देतो, हे विसरता येत नाही.

मराठी दप्तराच्या बाबतीत अडचणी वेगळ्या आहेत. मोडीत शब्द सलग लिहिले जातात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि संक्षेप विपुल असतात. यंत्राला तर मोजण्यासाठी सुटे शब्द लागतात. ‘घोडा’, ‘घोड्यास’, ‘घोडियाचा’ ही रूपे मूळ शब्दाशी जोडली नाहीत तर ती तीन वेगळे शब्द ठरतात. मायन्याचा प्रश्न त्याहून सूक्ष्म आहे. ‘विज्ञापना’, ‘आज्ञापत्र’, ‘आशीर्वाद’ हे शब्द सर्वत्र आढळत असल्याने ते निरर्थक समजून वगळण्याचा मोह होतो. परंतु कोण कोणास कोणत्या पायरीवरून लिहितो हे मायन्यावरूनच कळते. तो गाळला की पत्राचा विषय उरतो, पण त्यातील सत्तासंबंध नाहीसा होतो.

यापेक्षाही गंभीर धोका साधनांच्या निवडीत आहे. देवनागरीत छापलेला आणि म्हणून यंत्राला सहज पुरविता येण्याजोगा मजकूर म्हणजे मुख्यतः पूर्वसूरींनी निवडलेला मजकूर. त्यावर विषय-प्रतिमान चालविले तर मोहिमा, तह व दरबारी राजकारण हेच विषय ठळकपणे समोर येतील आणि ते मराठ्यांच्या इतिहासाचे स्वाभाविक विषय म्हणून स्वीकारले जातील. वस्तुतः तो 1930 च्या दशकातील संपादकीय दृष्टीचाच प्रतिध्वनी असेल. सरदेसायांच्या निवडीवर निदान त्यांचे नाव आहे, तिच्याशी वाद घालता येतो. यंत्राच्या उत्तरात तीच निवड निनावी होऊन येते.

म्हणून या पद्धतीचा खरा उपयोग छापील खंडांची पुन्हा वर्गवारी करण्यात नाही. न निवडलेल्या रुमालांतून नमुने घेऊन त्यांचे लिप्यंतर करणे, प्रत्येक कागदाबरोबर त्याचा मूळ रुमाल व दप्तर-विभाग यांची नोंद ठेवणे, आणि यंत्राचे गट जुन्या मांडणीशी कोठे जुळत नाहीत ते तपासणे, हा क्रम अधिक फलदायी ठरेल. रोजकीर्दीतील एखादी धान्याच्या दराची वा बिगारीची नोंद अशा तपासणीत वाचकासमोर आली, तर तिचे स्थान कोणते हे मात्र कागद वाचणाऱ्यालाच ठरवावे लागेल. त्यासाठी मोडी वाचणारी माणसे आधी तयार व्हावी लागतील.