भिंतीचा खर्च

तुरुंग म्हटला की डोळ्यांपुढे प्रथम उंच भिंत उभी राहते. ही भिंत कोणाच्या पैशाने उभी आहे, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. बंदिवानाचे अन्न, औषधपाणी, त्याच्यावरील पहारा यांचा भार अखेर करदात्यावरच पडतो. शिवाय घरचा कर्ता पुरुष आत गेला की मागे त्याची बायकामुले उघड्यावर पडतात. तो खर्च तर कोणत्याच हिशेबात लिहिला जात नाही.

मेकॉलेच्या सूचनेवरून नेमलेल्या समितीने १८३८ साली कैद्याच्या सुधारणेपेक्षा त्याला जरब बसविण्यावर भर दिला. १९१९-२० च्या कारागृह समितीने मात्र कैदी सुधारून समाजात परतावा, हे तुरुंगाचे उद्दिष्ट मानले. या उद्दिष्टाला प्रत्यक्ष रूप देण्याचे धैर्य औंधसारख्या लहानशा संस्थानाने दाखविले. अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या कारकिर्दीत, १९३९ साली, पोलंडहून आलेले अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही वसाहत वसली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तेथे भिंतीवाचून राहिले, शेती करू लागले. त्यांची कुटुंबेही जवळ आली. त्याच परिसरातील माडगूळ्याचे ग. दि. माडगूळकर यांनी या प्रयोगावरून लिहिलेला ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट व्ही. शांताराम यांनी १९५७ साली पडद्यावर आणला.

पुढे राजस्थानचे राज्यपाल डॉ. संपूर्णानंद यांच्या पुढाकाराने १९६३ साली जयपूरजवळ सांगानेर येथे खुले बंदी शिबिर सुरू झाले. तेथील बंदी सहकुटुंब राहतात, बाहेर कामधंदा करून स्वतःच्या मिळकतीवर संसार चालवितात आणि हजेरीला परत येतात. साहजिकच शासनाचा अन्नावरील व पहाऱ्यावरील खर्च पुष्कळच घटतो.

प्रत्येक कैदी अशा विश्वासास पात्र असतो, असे नव्हे. म्हणूनच काही काळ बंद तुरुंगात काढून ज्याने चांगली वर्तणूक दाखविली, त्याचीच निवड होते. शिवाय २०२२ अखेर देशातील सुमारे पावणेसहा लाख बंदिवानांपैकी तीनचतुर्थांश केवळ न्यायाधीन होते. त्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध व्हावयाचा होता. त्यांना हवा तो वेळेवर न्याय. पण शिक्षा झालेल्यांपुरते पाहिले तरी स्वतंत्रपूरचा धडा स्पष्ट आहे. जो माणूस एक दिवस आपल्याच गावी परतणार आहे, तो घामाची भाकरी खाण्याची सवय घेऊन परतावा, यातच समाजाची सुरक्षितता आहे आणि काटकसरही.