एक राजा, तीन राज्ये, तीन धर्मपंथ

३० जानेवारी १६४९ रोजी लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यातील बँक्वेटिंग हाऊससमोर पहिल्या चार्ल्सचा जाहीर शिरच्छेद झाला. प्रजेने आपल्याच राजावर उघड न्यायालयात खटला चालवावा आणि त्याला देहदंड द्यावा, ही घटना तत्कालीन युरोपला हादरवून टाकणारी होती. मात्र ज्या युद्धातून ती घडली, त्याला केवळ 'इंग्लंडमधील यादवी' म्हटले, तर त्याचा निम्मा अर्थ हरवतो. या युद्धाची पहिली ठिणगी स्कॉटलंडमध्ये पडली, आयर्लंडमधील उठावाने तिचा वणवा झाला आणि सर्वांत भीषण होरपळही आयर्लंडच्याच वाट्याला आली. म्हणूनच अलीकडचे अनेक इतिहासकार १६३९ नंतरच्या या संघर्षमालिकेस 'तीन राज्यांची युद्धे' असे संबोधतात.

तीन मुकुट, एक मस्तक

इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ १६०३ मध्ये निपुत्रिक मरण पावली आणि स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स हा 'पहिला जेम्स' म्हणून इंग्लंडच्या गादीवर आला. इंग्लंडचे राजे १५४१ पासून स्वतःस आयर्लंडचेही राजे म्हणवीत होते. अशा रीतीने स्टुअर्ट घराण्यातील एकाच व्यक्तीच्या मस्तकावर तीन मुकुट आले. राजा एक झाला, तरी राज्ये एक झाली नाहीत. प्रत्येकाचे पार्लमेंट निराळे, कायदे निराळे आणि धर्मव्यवस्थाही निराळी राहिली.

इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चचा सर्वोच्च अधिकारी राजा होता आणि त्याचा कारभार बिशपांमार्फत चाले. त्यात कॅथलिक वळणाचे अवशेष फार उरले आहेत, अशी प्युरिटनांची तक्रार होती. स्कॉटलंडने १५६० मध्ये पोपची सत्ता झुगारून प्रेस्बिटेरियन पंथ स्वीकारला होता. धर्मोपदेशक आणि वडीलधारे यांच्या सभांनी चर्चचा कारभार पाहावा, हे त्याचे मूलतत्त्व. तेथे राजाने नेमलेले बिशप होते. पण लोकांच्या मनात त्यांना स्थान नव्हते. आयर्लंडमधील बहुसंख्य प्रजा कॅथलिक होती, राजमान्य चर्च मात्र प्रॉटेस्टंट होते. शिवाय अल्स्टर प्रांतातील आयरिश सरदारांच्या जमिनी सरकारजमा करून १६०९ पासून तेथे स्कॉटिश व इंग्लिश प्रॉटेस्टंटांच्या वसाहती उभारण्यात आल्या होत्या.

'यथा राजा तथा प्रजा' हे सूत्र त्या काळच्या युरोपात धर्माच्या बाबतीत अक्षरशः लागू केले जाई. ज्याचे राज्य, त्याचा धर्म. परंतु तीन भिन्न पंथांच्या तीन राज्यांवर एकच राजा असेल, तर कोणता पंथ खरा मानायचा? जेम्सने हा प्रश्न सावधपणे हाताळला. त्याचा पुत्र चार्ल्स १६२५ मध्ये गादीवर आला. त्याच्या स्वभावात ही सावधता नव्हती.

प्रार्थनापुस्तकाचे निमित्त

राजसत्ता ईश्वरदत्त आहे आणि राजा केवळ ईश्वराला उत्तरदायी आहे, अशी चार्ल्सची श्रद्धा होती. १६२९ ते १६४० या काळात त्याने इंग्लंडमध्ये पार्लमेंट बोलावलेच नाही. किनारी प्रदेशांपुरता असलेला 'जहाजपट्टी' हा कर त्याने १६३५ मध्ये देशभर लागू केला. १६३३ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप झालेल्या विल्यम लॉडने चर्चमधील विधी, वेदी आणि पोशाख यांबाबत कडक शिस्त आणली. राणी हेन्रिएटा मरिया ही फ्रेंच आणि कॅथलिक होती. या साऱ्यामुळे राजा देशाला पुन्हा पोपच्या दावणीला बांधणार, हा संशय बळावत गेला.

इंग्लंडच्या धर्तीवर तयार केलेले नवे प्रार्थनापुस्तक राजाज्ञेने स्कॉटलंडवर लादण्यात आले. २३ जुलै १६३७ रोजी एडिनबरोच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये ते प्रथम वाचले जाताच दंगल उसळली. जेनी गेडिस नावाच्या भाजीविक्रेतीने वाचन करणाऱ्या धर्मगुरूवर आपले बसण्याचे स्टूल फेकले, अशी आख्यायिका आहे. फेब्रुवारी १६३८ मध्ये स्कॉटिश लोकांनी 'राष्ट्रीय करारनाम्या'वर स्वाक्षऱ्या करण्यास प्रारंभ केला. राजाशी निष्ठा आणि आपल्या पंथाचे रक्षण या दोन्हींची शपथ त्यात होती. त्याच वर्षी ग्लासगो येथील धर्मसभेने बिशपपद रद्द केले.

चार्ल्सने शस्त्रबळाचा मार्ग पत्करला आणि १६३९ व १६४० अशा दोन्ही मोहिमांत त्याची नाचक्की झाली. स्कॉटिश सैन्याने न्यूकॅसल घेतले. समझोता होईपर्यंत त्या सैन्याच्या खर्चापोटी दररोज ८५० पौंड देण्याचे राजाला मान्य करावे लागले. एवढा पैसा पार्लमेंटखेरीज कोठून येणार? अकरा वर्षे दूर ठेवलेले पार्लमेंट बोलावणे भाग पडले आणि नोव्हेंबर १६४० मध्ये 'दीर्घ पार्लमेंट' भरले. इंग्लंडच्या पार्लमेंटला संधी मिळाली, ती स्कॉटलंडच्या बंडामुळे.

आयर्लंडचा उठाव आणि सैन्याचा प्रश्न

पार्लमेंटने राजाचा खंबीर मंत्री आणि आयर्लंडचा माजी शासक अर्ल ऑफ स्ट्रॅफर्ड यास मे १६४१ मध्ये वधस्तंभावर पाठविले. स्कॉटिश लोकांना शस्त्राच्या बळावर हवे ते मिळाले, हे आयर्लंडमधील कॅथलिक सरदार पाहत होते. प्युरिटनांचे वर्चस्व असलेले पार्लमेंट आपला धर्म आणि उरलीसुरली जमीनही हिरावून घेईल, ही भीती त्यांना ग्रासत होती. २३ ऑक्टोबर १६४१ रोजी अल्स्टरमध्ये उठाव झाला. वसाहतवाल्या प्रॉटेस्टंटांच्या कत्तली झाल्या, अनेकांना ऐन थंडीत उघड्यावर हाकलण्यात आले. प्रत्युत्तरादाखल कॅथलिकांच्याही कत्तली झाल्या. मृतांचा आकडा काही हजारांत असावा, असे आजचे अभ्यासक मानतात. लंडनमधील पत्रकांनी मात्र तो लाखांच्या घरात नेला. वाचलेल्यांच्या सुमारे आठ हजार जबान्या आजही डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जपलेल्या आहेत.

उठाव मोडण्यासाठी सैन्य हवे, याबद्दल राजा आणि पार्लमेंट यांच्यात दुमत नव्हते. प्रश्न एवढाच होता, की ते कोणाच्या हाती असावे? राजाच्या हाती सैन्य दिले तर तो ते प्रथम आपल्यावरच वळवील, अशी पार्लमेंटच्या धुरीणांना धास्ती वाटत होती. ४ जानेवारी १६४२ रोजी चार्ल्स सशस्त्र शिपायांसह पाच सदस्यांना अटक करण्यासाठी स्वतः कॉमन्स सभागृहात शिरला. ते आधीच निसटले होते. या प्रसंगाने तडजोडीची वाट खुंटली. २२ ऑगस्ट १६४२ रोजी नॉटिंगहॅम येथे राजाने आपले निशाण उभारले आणि युद्धास तोंड फुटले.

परस्परांत गुंतलेली युद्धे

युद्धाचे पारडे कोणत्या बाजूला झुकणार, हे वारंवार शेजारच्या राज्यांतून येणाऱ्या मदतीवर ठरले. सप्टेंबर १६४३ मध्ये पार्लमेंटने स्कॉटिश लोकांशी धार्मिक करार केला. इंग्लंड व आयर्लंडमध्येही शुद्ध प्रॉटेस्टंट धर्म आणण्याचे आश्वासन त्याच्या मुळाशी होते. त्यानुसार आलेल्या स्कॉटिश फौजेच्या साह्याने २ जुलै १६४४ रोजी मार्स्टन मूर येथे राजपक्षाचा मोठा पराभव झाला. राजाने उलट आयर्लंडमधील कॅथलिक संघाशी वाटाघाटी चालविल्या. आयरिश तुकड्या स्कॉटलंडमध्ये उतरून राजनिष्ठ माँट्रोझच्या झेंड्याखाली लढल्या. १६४५ मध्ये पार्लमेंटने 'न्यू मॉडेल आर्मी' हे शिस्तबद्ध, नियमित वेतनाचे सैन्य उभारले आणि १४ जून रोजी नेझबी येथे निर्णायक विजय मिळविला. तेथे राजाचा खासगी पत्रव्यवहार हाती लागला. कॅथलिकांची मदत मिळविण्याचे त्याचे बेत पार्लमेंटने छापून चव्हाट्यावर मांडले.

मे १६४६ मध्ये चार्ल्स स्कॉटिश सैन्याच्या स्वाधीन झाला. थकबाकीच्या चार लाख पौंडांचा करार झाल्यावर, जानेवारी १६४७ मध्ये, त्यांनी त्याला पार्लमेंटच्या हवाली केले. बंदिवासातूनही त्याने एकेका पक्षाला दुसऱ्याविरुद्ध खेळविले. वर्षअखेर त्याने स्कॉटिश लोकांच्या एका गटाशीच गुप्त करार केला आणि १६४८ मध्ये दुसरे यादवी युद्ध ओढवले. ऑलिव्हर क्रॉमवेलने स्कॉटिश फौजेचा प्रेस्टन येथे धुव्वा उडविला. आता सैन्याचा संयम संपला. समझोत्यास अनुकूल सदस्यांना डिसेंबरमध्ये सभागृहाबाहेर काढण्यात आले आणि उरलेल्यांनी न्यायालय नेमले. मृत्युदंडाच्या आदेशावर ५९ जणांनी स्वाक्षऱ्या केल्या.

चार्ल्स स्कॉटलंडचाही राजा होता. पण त्याचा वध करताना स्कॉटलंडला कोणी विचारले नाही. म्हणून अवघ्या सहा दिवसांत एडिनबरोत त्याच्या पुत्राची, दुसऱ्या चार्ल्सची, राजा म्हणून द्वाही फिरविण्यात आली. इंग्लंडने राजपद रद्द करून प्रजासत्ताक घोषित केले.

विजयाची किंमत

ऑगस्ट १६४९ मध्ये क्रॉमवेल आयर्लंडमध्ये उतरला. सप्टेंबरमध्ये द्रोहेडा आणि ऑक्टोबरमध्ये वेक्सफर्ड येथे त्याच्या सैन्याने केलेल्या कत्तली आयरिश स्मृतीतून आजतागायत पुसल्या गेलेल्या नाहीत. तलवारीपेक्षाही दुष्काळ आणि प्लेग यांनी अधिक बळी घेतले. आयर्लंडने या काळात आपल्या लोकसंख्येचा पाचवा हिस्सा तरी गमावला असावा, असा अनेक अभ्यासकांचा अंदाज आहे. १६५२ च्या कायद्यान्वये कॅथलिकांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर जप्त करून सैनिकांना आणि युद्धासाठी कर्ज देणाऱ्या सावकारांना वाटण्यात आल्या. १६४१ मध्ये आयर्लंडमधील सुमारे ५९ टक्के जमीन कॅथलिकांकडे होती. १६८८ पर्यंत हे प्रमाण सुमारे २२ टक्क्यांवर आले. पुढील अडीच शतकांच्या आयरिश राजकारणाचे मूळ या आकड्यांत आहे.

स्कॉटलंडचा पाडाव डनबार (१६५०) आणि वूस्टर (१६५१) येथील लढायांनी झाला. राजाला जे साधले नाही, ते राजहत्या करणाऱ्या सैन्याने साधले: तिन्ही राज्ये एका सत्तेखाली आली. १६५३ मध्ये क्रॉमवेल 'लॉर्ड प्रोटेक्टर' झाला. १६५७ मध्ये देऊ केलेला मुकुट त्याने नाकारला. १६५८ मध्ये तो मरण पावताच ही व्यवस्था डळमळली आणि मे १६६० मध्ये दुसरा चार्ल्स लंडनला परतला.

मुंबईच्या इतिहासाशी या पुनःस्थापनेचा थेट संबंध आहे. दुसऱ्या चार्ल्सचा विवाह पोर्तुगालच्या कॅथलिक राजकन्येशी, कॅथरीन ऑफ ब्रागांझाशी, ठरला आणि १६६१ च्या करारानुसार मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला मिळाले. १६६८ मध्ये त्याने ते सालीना दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीस दिले.

सूत्राची उलटापालट

राजा परतला, तरी मूळ प्रश्न सुटला नव्हता. चार्ल्सचा बंधू दुसरा जेम्स हा स्वतःच कॅथलिक होता. १६८५ मध्ये तो गादीवर आला आणि तीनच वर्षांत त्याला पळून जावे लागले. प्रॉटेस्टंट विल्यम आणि मेरी यांना गादी देताना पार्लमेंटने १६८९ च्या हक्कविधेयकाने राजाचे अधिकार मर्यादित केले. पार्लमेंटच्या संमतीवाचून कर आणि शांतताकाळी खडे सैन्य यांस मनाई झाली. स्कॉटलंडने १६९० मध्ये आपले प्रेस्बिटेरियन चर्च कायम केले. त्याच वर्षी आयर्लंडमध्ये बॉइन नदीकाठी विल्यमने जेम्सचा पराभव केला. १७०१ च्या वारसा कायद्याने कॅथलिक व्यक्तीस गादीवर बसण्यास बंदी घातली.

राजाने प्रजेचा धर्म ठरवावा, या हट्टापायी १६३७ मध्ये संघर्ष सुरू झाला. १७०१ मध्ये राजाचा धर्म कोणता असावा हे पार्लमेंटचा कायदा ठरवू लागला. या देवाणघेवाणीत इंग्लंडला पार्लमेंटचे वर्चस्व आणि स्कॉटलंडला आपले चर्च मिळाले. आयर्लंडमधील बहुसंख्य प्रजेला मात्र दोन्ही वेळा कोणी विचारले नाही. हाच अन्याय पुढे १९२१ च्या फाळणीपर्यंत आणि त्यानंतरच्या उत्तर आयर्लंडमधील रक्तपातापर्यंत झिरपत गेला.

या इतिहासाच्या खुणा आजही दिसतात. १६४२ नंतर कोणत्याही राजाने वा राणीने कॉमन्सच्या बैठकीत प्रवेश केलेला नाही. उत्तर आयर्लंडमध्ये दरवर्षी १२ जुलै रोजी बॉइनच्या विजयाच्या मिरवणुका निघतात आणि त्यावरून तणावही निर्माण होतो. २०१३ च्या कायद्याने राजघराण्यातील व्यक्तीस कॅथलिकाशी विवाह करूनही वारसाहक्क राखता येतो. परंतु राजा स्वतः कॅथलिक असू शकत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये तिसऱ्या चार्ल्सने राज्यारोहणानंतर दोनच दिवसांनी स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या रक्षणाची शपथ घेतली. ज्या चर्चवर आपले प्रार्थनापुस्तक लादताना पहिल्या चार्ल्सने युद्ध ओढवून घेतले, तेच हे चर्च.